उजेडात ठेवायचं बियाणं

३ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? तुमच्या ऑपरेशनच्या वेळी मी यायला हवं होतं, पण आईंना कुणाकडे ठेवणार, म्हणून राहिलं. फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि पोस्टमनच्या घरून मी ओरडले की तुम्ही सोडून सगळी गल्ली ऐकते. तेव्हा आपलं पत्रच बरं.

एक विचारायचं आहे. हसू नका. लावणीचे बटाटे कसे निवडतात?

बागेचं सगळं ह्यांच्याच हातात होतं. बियाणं घरचं, दरवर्षी राखलेलं. मी कधी त्या टोपलीला हातही लावला नाही. मागल्या वर्षी हे गेले तेव्हा पीक मातीत होतं. मी खिडकीतून पाला वाळताना बघितला आणि पडदा ओढून घेतला. सगळं आतल्या आत कुजलं, बियाणंही त्यातच गेलं. मला आजवर बटाट्याबद्दल एकच प्रश्न पडलेला आहे, सोलून टाकायचा की सालासकट उकडायचा.

तुम्ही म्हणाल, आताच ही हौस कुठून आली? हौस नाही वन्सं, भीती आहे. आई रोज सकाळी मागच्या दाराशी जातात, रिकामे वाफे बघतात आणि विचारतात, "अगं, बाळ कुठे गेला? वाफे असे उघडे कसे?" आधी मी खरं सांगायची. पण त्यांना ते दर वेळी नव्यानेच कळायचं आणि दर वेळी त्या नव्यानेच कोसळायच्या. मग मी "बाहेर गेलेत" म्हणायला लागले. आता त्या त्यांना शोधायला निघतात. परवा मी शिवणाच्या दुकानात कामावर होते, तर कडी काढून मोठ्या रस्त्यापर्यंत गेल्या, एकाच पायात चप्पल. मालट्रकवाल्याने ब्रेक मारून शिव्या दिल्या. पोस्टमनच्या बायकोने ओळखलं म्हणून घरी आल्या. त्या दिवसापासून काज करताना माझी सुई दोनदा बोटात गेली आहे.

वाफ्यात काही लावलेलं असलं की त्या शांत असतात. बाळ इथेच आहे, बागेत आहे, असं धरून चालतात. म्हणून बटाटे.

दुकानात जाऊन आले. तीन टोपल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "लवकरचा, मधला की उशिराचा?" मी म्हटलं, "बटाटा." तो हसला, मी रिकाम्या हाताने परत आले.

तुमची,
मास्तरीण


९ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

धन्य आहे तुझी. चौथीत शाळा सुटली, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून तू शहाणी झालीस, कपाटभर पुस्तकं जमवलीस, म्हणून मीच तुला हे नाव दिलं. आणि दुकानात जाऊन सांगितलंस काय, तर "बटाटा"!

आता नीट वाच. खायच्या बाजारातला बटाटा लावणीला आणायचा नाही. त्याला कोंब येऊ नये म्हणून पुष्कळदा औषध मारलेलं असतं, शिवाय त्याचा रोग तुझ्या मातीत शिरला की वर्षानुवर्षं जायचा नाही. बियाण्याच्या दुकानातलाच घे, शिक्का असलेल्या पोत्यातला. लवकरचा माग. उशिराच्याला करपा गाठतो आणि तुला ते निस्तरता येणार नाही. कोंबडीच्या अंड्याएवढा निवड. दाबला तर दगडासारखा लागला पाहिजे. नाकाशी धर, आंबूस वास आला की ठेव खाली, दुकानदार काही का म्हणेना. पांढरे लांबलचक कोंब आलेले घेऊ नकोस, ते अंधारात पडून राहिलेले असतात.

घरी आणलेस की अंड्याच्या ट्रेमध्ये एकेक उभा कर. जिकडे डोळे जास्त ती बाजू वर. उजेडात ठेव, उन्हात नाही. डोळे फुटून आखूड जाड कोंब आले की लावायचे.

आईला बरोबर ने. आज कोणता वार हे तिला सांगता यायचं नाही, पण खराब बटाटा तिच्या हातून सुटायचा नाही.

रस्त्याचं वाचून माझं जेवण गेलं. टाके निघाले आहेत. जिना उतरता आला की मी येते आणि आईला इकडे घेऊन येते. तू दिवसभर कामावर, ती एकटी. तुझ्याने होत नाही, यात तुझा दोष नाही.

वन्सं


१८ फेब्रुवारी

वन्सं,

आणले. म्हणजे आईंनी आणले, मी पिशवी धरली.

दुकानदाराने फावड्याने भसाभस भरायला घेतले तर आईंनी त्याचं मनगट धरलं. "मेल्या, कोळसा भरतोयस का?" मग स्टुलावर बसल्या आणि एकेक उचलून अंगठ्याने दाबत राहिल्या. चांगला मांडीत, वाईट परत टोपलीत. एक त्याने हळूच पिशवीत सरकवला, तो त्यांनी काढून त्याच्या हातात दिला. "हा तुझ्या सासूला दे." मागे रांग लागली होती, पण कुणी कुरकुरलं नाही. निघताना तो मला म्हणाला, "बाई, यांना इथे नोकरीला ठेवाल का?" मला खूप दिवसांनी हसू आलं, तोच आई त्याला म्हणाल्या, "मुलाला विचारून सांगते."

आता ट्रे स्वयंपाकघरातल्या खिडकीत आहेत. तिथे उजेड आहे, ऊन येत नाही. आई खुर्ची घेऊन त्यांच्यासमोर बसतात, त्यामुळे दाराकडे जाणं कमी झालं आहे. दाराला मी वर एक कडी बसवून घेतली, त्यांचा हात पोचत नाही तिथे. पोस्टमनची बायको दोनदा डोकावून जाते.

एक शंका. दोन-तीन बटाटे हिरवट पडायला लागले आहेत. खराब झाले का? टाकून देऊ? मला सारखी भीती वाटते की मी काहीतरी चुकवणार.

आणि आईंना न्यायची घाई करू नका. त्या मला जड नाहीत. खरं सांगू? त्या गेल्या तर या घरात मला "अगं" म्हणणारं कुणी उरणार नाही.

मास्तरीण


२५ फेब्रुवारी

मास्तरीण,

टाकतेस कसली! हिरवे पडले म्हणजे मार्गाला लागले. जितका हिरवा तितका टणक, किडत नाही, कुजत नाही. सगळे होऊ देत हिरवेगार. आपल्या घरी आई मुद्दाम करायची. डोळे फुटले की कळव.

मी काठी घेऊन गॅलरीपर्यंत चालते आहे. मार्चच्या शेवटाला येते. आईची खाट माझ्याकडे कुठे टाकायची तेही ठरवलं आहे. तू रडू नकोस. तिला पोटच्या मुलीकडे राहू दे थोडे दिवस.

वन्सं


६ मार्च

वन्सं,

आई बऱ्या आहेत. तुम्ही बटाट्यांचं विचारलं होतंत. डोळे छान फुटले होते, जाड, जांभळे. पण आईंनी सगळे डोळे काढून टाकले. त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे. लावणी आता लांबेल. तुम्ही येण्याची घाई करू नका, गुडघा जपा. गडबडीत आहे.

मास्तरीण


१० मार्च

मास्तरीण,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर तुझंच, पण ओळी उतरंडीला लागलेल्या.

"आईंनी सगळे डोळे काढून टाकले." मी आधी हसले. म्हातारीने घातला गोंधळ, म्हटलं. मग चहा गाळता गाळता हात थांबला.

अगं, बियाण्याच्या डोळ्याला आई नख लावू द्यायची नाही. बाळाने लहानपणी खेळताना एक कोंब मोडला होता, तर त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली होती, "त्याचा डोळा फोडलास, आता तो मातीतून वाट कशी बघेल?" ती सगळं विसरेल, मला विसरेल, पण हे विसरायची नाही. आई बटाट्याचे डोळे काढते ती एकाच वेळी. हातात सुरी असते आणि चुलीवर पातेलं असतं तेव्हा.

आणि ते हिरवे होते. हिरवे होऊ दे असं मीच लिहिलं होतं. हिरवा बटाटा मातीत सोनं आणि पोटात विष, हे आमच्या घरात पोरासोरांना माहीत. ते तुला वेगळं लिहायला हवं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. तुला माहीत होतं ना? होतं म्हण.

खालच्या दुकानदाराला पोस्टमनच्या घरी फोन लावायला सांगितलं. कुणी पोरीने उचलला, "आजीला दवाखान्यात नेलंय" म्हणाली आणि ठेवून दिला. दुकानदार मला माझ्या पाटीवर खडूने लिहून दाखवत होता. 'दवाखान्यात' एवढं लिहून थांबला. पुढे त्याच्याकडे लिहायला काही नव्हतंच. मग मीच फोन हिसकावून घेतला आणि "आई कशी आहे, आई कशी आहे" ओरडत राहिले. पलीकडे कुणी असलं तरी मला कळायचं नाही, हे सगळ्या दुकानाला दिसत होतं.

आई आहे का? तेवढं एका शब्दात कळव. भांडण मागाहून करू.

वन्सं


१४ मार्च

वन्सं,

आहेत. आई आहेत. कालच घरी आणलं. आता पलीकडच्या खोलीत झोपल्या आहेत, श्वास ऐकू येतोय. मी मधूनमधून लिहायचं थांबवून तो ऐकते.

आता सगळं सांगते.

मला माहीत नव्हतं. हिरवा भाग कापून टाकायचा, एवढं माहीत होतं, पण तो चव बिघडते म्हणून, असं वाटायचं. वाचलेल्या एवढ्या पुस्तकांत कुठेच नव्हतं, किंवा असेल आणि मी पान उलटलं असेल.

त्या दिवशी शिवणाच्या दुकानात लग्नाच्या कपड्यांची गर्दी होती. मालकीण म्हणाली, तासभर जास्त बस. बसले. घरी आले तर पोस्टमनची बायको दारात उभी. "काकू, आजी ओकतायत हो." आई मोरीत पालथ्या पडल्या होत्या, पोट धरून. मला बघून म्हणाल्या, "तू कोण?" वन्सं, हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. बाळ गेला हे त्या विसरल्या, पण मी कोण हे कधी विसरल्या नव्हत्या. तशाच त्यांना दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, "काय खाल्लं?" मी म्हटलं, सकाळची खिचडी. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "घरी जाऊन बघा. आणि किती खाल्लं तेही बघा. त्यावर सगळं आहे." मी रस्त्याने पळत होते आणि मनात म्हणत होते, काहीही रांधलं असो, पातेलं भरलेलं असू दे, पातेलं भरलेलं असू दे.

पातेलं रिकामं होतं. खिडकीतले ट्रे रिकामे होते. ओट्यावर कोंबांचा नीट ढीग, जांभळा, आणि शेजारी सुरी धुऊन ठेवलेली. सालं मात्र काढलेली नव्हती. मी तिथेच खाली बसले. सगळे खाल्ले, आता संपलं, असं मला वाटलं. खाली बसले म्हणूनच मला पाट दिसले.

दोन पाट मांडलेले होते. दोन ताटं. एक त्यांचं. त्यात थोडे बटाटे घेतलेले, आणि त्यातलेही निम्मे तसेच. दुसरं ताट ह्यांचं, कडेला पोचा पडलेलं, जे मी माळ्यावर टाकलं होतं. त्यांनी ते कसं काढलं देव जाणे. त्यात शीग लावून बटाटे वाढलेले. वर मीठ. शेजारी पाण्याचा तांब्या, झाकून. अख्खं पातेलं त्यांनी बाळाला वाढलं होतं.

मी दोन्ही ताटं तशीच उचलून दवाखान्यात नेली. रस्त्यात लोक बघत होते, जणू मी भीक मागायला निघाले होते. डॉक्टरांनी आधी भरलेलं ताट बघितलं, मग अर्धं. म्हणाल्या, "हे दुसरं कोणाचं?" मी म्हटलं, "त्यांच्या मुलाचं." "त्याने खाल्लं नाही ना?" मी म्हटलं, "नाही. त्याने खाल्लं नाही."

मी विचारलं, कडू लागलं नसेल का? त्या म्हणाल्या, या वयात काहींची चवही जाते.

तुम्हाला कार्ड लिहिलं ते दवाखान्याच्या बाकावर बसून. तेव्हा आईंना सलाईन लावलं होतं आणि त्या कुणालाच ओळखत नव्हत्या. 'आई बऱ्या आहेत' हे खोटं होतं. बाकी सगळं मी खरं लिहिलं आणि मधलं तेवढं गाळलं. मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही त्यांना घेऊन जाल. डोळे काढले म्हटल्यावर तुम्हाला पातेलं दिसेल, हे माझ्या ध्यानात यायला मी तुमच्या घरात जन्मायला हवं होतं.

आता न्यायचं म्हणालात तर मी अडवणार नाही. अडवायला तोंड उरलेलं नाही. फक्त त्यांना चालवेल इतक्या बऱ्या त्या होऊ देत.

कालपासून "तू कोण" विचारलेलं नाही. आज सकाळी "अगं" म्हणाल्या.

मास्तरीण


१९ मार्च

मास्तरीण,

पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. दुकानदार पाटी घेऊन उभा, 'काय झालं?' मी त्याच पाटीवर 'आहे' लिहिलं. त्याने मला न मागता लिमलेटची गोळी दिली.

भांडण करायचं होतं ते राहू दे. हिरवे होऊ दे लिहिणारी मी आणि खिडकीत ठेवणारी तू. कुणी कुणाला बोलायचं?

पण एक गोष्ट तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. चव जाते, असं तू लिहिलंस. मी आईचीच मुलगी. तेव्हापासून मी प्रत्येक घास जिभेवर धरून बसते, कडू ते कडू लागतंय ना, खारट ते खारट. काल कारलं आणून कच्चं चावलं. कडू लागलं. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आज पुन्हा चावलं.

आणि दुसरी. आईला इकडे आणते म्हणून मी दोनदा लिहिलं. खाट कुठे टाकायची ठरवलं लिहिलं. ती जागा गॅलरीच्या दाराशी आहे, दुसरीकडे जागाच नाही. मी तिसऱ्या मजल्यावर. आई दार उघडून कठड्याशी गेली तर मला कडीचा आवाज यायचा नाही. तिने हाक मारली तरी यायचा नाही. मोठ्या रस्त्यावरून तुझ्या पोस्टमनणीने तिला परत आणलं. इथे कोण आणणार? हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी तुला दोष देऊन झाकत होते.

तेव्हा मी येते, पण न्यायला नाही. लावणीला. तू कामावर असशील तेव्हा मी तिच्यासमोर बसेन. मला ऐकू येत नाही, पण दिसतं चांगलं. तिला उमजत नाही ते मी बघेन, मला ऐकू येत नाही ते ती सांगेल. दोघी मिळून एक धड बाई होऊ.

बियाणं इथून आणते. उशीर झालाय, पण लवकरचा वाण अजून धरेल. आता प्रश्न असा, की ते उजेडातच ठेवावं लागतं. अंधारात कुलूपबंद केलं तर पांढरे दोरे फुटतील. आणि उघड्यावर ठेवलं तर आई पुन्हा पातेलं चढवेल. दोन रात्री ह्याच विचारात गेल्या. मग आठवलं. तुझं पुस्तकांचं कपाट. काचेची दारं आहेत त्याला, आणि बाळाने कुलूप बसवून दिलं होतं, पोस्टमनची पोरं पुस्तकं पळवायची म्हणून. काढ पुस्तकं बाहेर.

आणखी एक. जेवायला बसलात की बाळाचं ताट मांडत जा. आई म्हणेल तेव्हा, म्हणेल तसं. त्या ताटात जेवढं गेलं तेवढं तिच्या पोटात गेलं नाही. जिवंतपणी त्याने आईला एवढं कधी जपलं नसेल. ते ताट माळ्यावर टाकू नकोस.

वन्सं


२७ मार्च

वन्सं,

तुमची गाडी रविवारी सकाळी पोचते ना? मी स्टेशनवर येते. आईंपाशी पोस्टमनची बायको बसेल. जिना नाही आपल्याकडे, दोनच पायऱ्या आहेत, त्यांवरही फळी टाकून घेतली.

पुस्तकं खाटेखाली गेली. वरची फळी जरा खाली सरकवली, ट्रे बसतात. कपाट खिडकीसमोर ओढलं आहे. रिकामं आहे तरी मी आत्तापासून कुलूप लावायची सवय करते आहे. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आहे. मशीनवर वाकले की ती काठाला लागून टण् वाजते. मालकीण म्हणाली, "काय गं, खजिना सापडला का?" मी म्हटलं, "हो." तरी दिवसातून कितीदा तरी हात गळ्याशी जातो. भीती गेली नाही, वन्सं. तिला फक्त आता जागा मिळाली आहे, दोरा आहे.

आज दुपारी जेवताना आईंनी "बाळाचं ताट?" विचारलं. मी मांडलं. पोचा पडलेलं, तेच. त्यात थोडा भात वाढला. आई घास हातात धरून थांबल्या. त्या ताटाकडे बघत. मी म्हटलं, "आई, जेवा ना." त्या म्हणाल्या, "थांब जरा. त्याने मागच्या वेळी हात लावला नाही. मी आपली खात होते, म्हटलं बाळ का खात नाही? काहीतरी बिघडलंय. मग मीही टाकलं."

त्या दिवशी त्यांच्या ताटातला निम्मा भाग का उरला होता, ते मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

मग मी पुढे झाले आणि ह्यांच्या ताटातला एक घास उचलून खाल्ला. आईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"चांगलंय?"

"चांगलंय, आई."

"मग जेवते," म्हणाल्या, आणि जेवल्या.

तुमची,
मास्तरीण